एमएच्या आधीचा उन्हाळा: विडी घरकुलातलं एक प्रकरण

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका मुलीचं आहे. तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, बाकी सगळं तिला विचारून लिहिलं आहे. एप्रिलअखेर बीएची शेवटची परीक्षा झाली, जुलैत एमए इंग्रजीचे वर्ग सुरू होणार होते. मधल्या वेळात काय वाचायचं, एवढाच प्रश्न घेऊन ती माझ्याकडं आली. मी दुसऱ्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळं तिच्या मार्कांशी माझा संबंध नव्हता. त्याचा फायदा असा झाला की ती मोकळेपणानं बोलली.

घरची भाषा तेलुगू. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर, आई विड्या वळणारी. बीएला गुण चांगले, पण तीन वर्षांत एकही इंग्रजी कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नाही. हे सांगताना तिला संकोचही वाटत नव्हता, कारण वर्गात दुसऱ्या कुणीही वाचलेली नव्हती. गाईड, सिनियरच्या नोट्स आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे आयएमपी प्रश्न यांवर बीए होतं. याला मी आळस म्हणणार नाही. पेपरात ‘अमुक पात्राचं व्यक्तिचित्र लिहा’ असा प्रश्न येणार असेल, तर चारशे पानं वाचणाऱ्यापेक्षा गाईडची चार पानं पाठ करणारा जास्त गुण मिळवतो. पोरं हिशेब बरोबर करतात.

एमएला तो हिशेब मोडतो. निदान मोडायला हवा.

तिच्याकडं आधीच एक यादी होती. एका सिनियरनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेली, चॉसरपासून रश्दींपर्यंत, चाळीसच्या आसपास नावं. शिवाय ‘आतापासूनच नेटचं गाईड धर’ हा सल्ला. नेट म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा. नेटच्या दुसऱ्या पेपरात शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न असतात. ‘लिरिकल बॅलड्स’ हा कवितासंग्रह १७९८चा आणि वर्ड्‌सवर्थची प्रस्तावना १८००च्या आवृत्तीतली, हे त्यातली एकही ओळ न वाचता सांगता येतं. नेट द्यायचीच आहे, तर तेही कधीतरी करावं लागेल. पण एमएच्या आधीचा उन्हाळा त्यात घालवणं म्हणजे पोहणं शिकण्याऐवजी नद्यांची नावं पाठ करणं.

यादी बाजूला ठेवली. आम्ही ठरवलं ते एवढं: एक कादंबरी, एक नाटक, मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचा सुरुवातीचा तुकडा, ॲरिस्टॉटलचं ‘पोएटिक्स’ हे काव्यशास्त्र आणि जरूर पडेल तसं बायबल. आठवड्याला एक पान इंग्रजीत लिहायचं. जमलं तर दुसरी कादंबरी. ती नाराज झाली. ‘एवढंच?’ असं तिनं विचारलं नाही, पण चेहऱ्यावर ते होतं.

कादंबरी निवडली डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’. कारणं अगदी व्यवहारी होती. त्याच्या कादंबऱ्यांमधली ही सगळ्यांत छोटी. १८५४च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या त्याच्याच साप्ताहिकात ती क्रमशः छापली गेली, म्हणून प्रकरणं आटोपशीर आहेत, एकूण सदतीस. एका बैठकीत एक प्रकरण होतं. आणि ती घडते कोकटाउन नावाच्या गिरणगावात. ज्या मुलीनं लहानपणापासून मागांचा खडखडाट ऐकलाय, जिच्या आजोबांच्या बोलण्यात लक्ष्मी-विष्णू मिल आजही येते, तिला भोंगा म्हणजे काय हे तळटिपेत वाचावं लागणार नाही.

दिवस कसा बसवायचा, हा खरा डोकेफोडीचा भाग होता. मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखाली दुपारी पुस्तक धरवत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं आणि तो दिवस भांडी, पिंपं, टाकी यांतच जातो. म्हणून ‘रोज इतकी पानं’ असं वेळापत्रक केलंच नाही. पाण्याचा दिवस सुट्टीचा धरला. बाकी दिवशी पहाटे साडेपाच ते आठ वाचन. सुरुवातीला तासाला सहा-सात पानं व्हायची, कारण प्रत्येक अनोळखी शब्दाला मोबाईलवर डिक्शनरी उघडायची तिला सवय होती. ‘वाचलालेय मॅडम, पण डोक्यात थांबंना,’ असं ती म्हणाली. थांबणार कसं? दर ओळीला वाचन तुटत होतं. मग ठरलं की पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. शब्द अडला तर पेन्सिलीनं खूण, आणि तोच शब्द तिसऱ्यांदा आला तरच अर्थ बघायचा. पंधरवड्यात वेग दुपटीच्या पुढं गेला. शब्द वाढले म्हणून नव्हे. न कळलेल्या शब्दासकट पुढं जायची भीती कमी झाली म्हणून.

दुपारी ती आईला मदत करते. पानं भिजवणं, पत्र्याचा साचा ठेवून कातरीनं पान कापणं, तंबाखू भरून वळणं. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळं हात थांबवून चालत नाही. हात अडकलेले, पण कान मोकळे. ‘लिब्रिवॉक्स’ या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची ध्वनिमुद्रणं फुकट मिळतात. सकाळी वाचलेलं प्रकरण दुपारी ऐकायचं, असं बसवलं. (क्युबातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६०च्या दशकापासून कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस नेमलेला असे. कामगार पदरचे पैसे घालून त्याला ठेवत, आणि बातम्यांबरोबर कादंबऱ्याही ऐकत. तंबाखू आणि कादंबरी ही जोडी जुनी आहे.)

ऐकण्याचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. कादंबरीत स्लिअरी नावाचा सर्कसवाला आहे. त्याला ‘स’ म्हणता येत नाही, त्या जागी तो ‘थ’ म्हणतो, आणि डिकन्स ते तसंच छापतो. ‘स्क्वायर’चा ‘थ्क्वायर’ होतो. ही मुलगी ‘थ्क्वायर’ डिक्शनरीत शोधत बसली होती. स्टीफन ब्लॅकपूल हा कामगार लँकेशायरच्या बोलीत बोलतो, तेही कागदावर भयंकर दिसतं. कानानं ऐकल्यावर दोन्ही अडचणी गेल्या. जी मुलगी घरी तेलुगू, गल्लीत ‘करलालो-जाऊलालो’वाली सोलापुरी आणि वर्गात पुस्तकी मराठी बोलते, तिला एका भाषेत अनेक भाषा असतात हे शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही तसंच असतं, एवढं सांगावं लागतं.

बायबल कुठं लागलं? मला वाटलं होतं मिल्टनपाशी लागेल. ते आधीच लागलं. पहिल्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव आहे ‘मर्डरिंग द इनोसंट्स’, म्हणजे निष्पापांची हत्या, आणि प्रकरणात आहे एक शाळेचा वर्ग. कुणी मरत नाही. तिनं ते दोनदा वाचलं, खून सापडेना. मग मराठी बायबलमधला मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचायला दिला. हेरोद राजा बेथलेहेमातल्या बालकांची कत्तल करवतो, ती गोष्ट. घोड्याची व्याख्या पाठ म्हणवून घेणारा माणूस डिकन्सच्या नजरेत कोण आहे, हे तिला त्या बैठकीत कळलं. पहिल्या प्रकरणाचं नाव लूकच्या शुभवर्तमानातून आलेलं. तीन भागांची नावं पेरणी, कापणी आणि साठवण. त्यांच्यामागं पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं ‘पेराल तेच कापाल’ उभं आहे. इंग्रज वाचकाला १८५४ साली हे रविवारच्या चर्चमधून ठाऊक असे. आपल्याकडं ‘शकुनीमामा’ म्हटल्यावर कुणी तळटीप मागत नाही, तसं. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याची पुष्कळशी अडचण भाषेची नसते, या न सांगितलेल्या ओळखीची असते. आणि ती मराठीतून भरून काढता येते. त्यासाठी जुन्या इंग्रजीतलं बायबल वाचायची सक्ती नाही. उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय, मत्तय आणि लूक एवढ्यावर बरीच मजल मारता येते.

आता या प्रकरणाच्या मध्यावर येते.

दुपारी ऐकताना आई विचारायची, काय चाललंय त्या मोबाईलमध्ये? मुलगी तेलुगूत गोष्ट सांगायची. हे माझ्या योजनेत नव्हतं. ते आपोआप सुरू झालं, आणि सगळ्या योजनेपेक्षा जास्त उपयोगी ठरलं. कारण परक्या भाषेत वाचलेलं घरच्या भाषेत सांगायचं तर ‘हे असं का झालं?’ याचं उत्तर द्यावंच लागतं. गाईडमधलं वाक्य तिथं चालत नाही.

गोष्ट दुसऱ्या भागातल्या चौथ्या प्रकरणापाशी आली. कामगारांची सभा भरते. स्लॅकब्रिज नावाचा पुढारी गर्जना करतो. स्टीफन युनियनमध्ये यायला नकार देतो आणि सगळे त्याला वाळीत टाकतात. आईनं हात न थांबवता विचारलं, ‘पण तो का नाही आला युनियनमध्ये?’ मुलीनं सांगितलं, त्यानं रेचलला, त्याच्या जिवलग मैत्रिणीला, शब्द दिला होता. ‘कशासाठी दिला?’ सोलापुरातल्या विडी कामगार बायकांना युनियन पुस्तकातून कळलेली नाही. मजुरीसाठी मोर्चे काढलेल्या बायका आहेत या. विडी घरकुलाच्या पुढं कुंभारीला कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६मध्ये घरं हातात आली, ती संघटनेच्या जोरावर. युनियनला नाही म्हणणारा चांगला माणूस ही गोष्ट आईला पटणारी नव्हती. तिला कारण हवं होतं.

मुलीनं मागची प्रकरणं परत चाळली. कारण सापडेना. रविवारी ती आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. तिचा निष्कर्ष तयार होता: माझं इंग्रजी कच्चं आहे, कुठंतरी लिहिलेलं असणार आणि मला कळलं नाही.

कुठंही लिहिलेलं नाही. छापलेल्या कादंबरीत शब्द आहे, शब्दाचं कारण नाही. डिकन्सनं ते लिहिलं होतं: रेचलच्या धाकट्या बहिणीचा हात गिरणीच्या यंत्रात तुटतो, स्टीफन संतापतो, आणि असल्या भानगडीत पडू नकोस असं रेचल त्याच्याकडून वदवून घेते. हा मजकूर मुद्रितांच्या टप्प्यावर गाळला गेला. अभ्यासकांसाठीच्या आवृत्त्यांत तो टिपांमध्ये मिळतो. म्हणजे विड्या वळता वळता आईनं बोट ठेवलं ते बरोबर भोकावर.

मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते याच जागेसाठी. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तकात काही खटकलं की तो पहिला दोष स्वतःच्या इंग्रजीला देतो, आणि खटकलेली जागा सोडून पुढं जातो. पण पदव्युत्तर अभ्यास सुरू होतो तो नेमका त्या जागेपासून. दहातल्या सात वेळा दोष खरंच वाचणाऱ्याच्या भाषेचा निघेल, हे मान्य. उरलेल्या तीन वेळांसाठी थांबायची सवय लागली पाहिजे, आणि ती सवय चाळीस पुस्तकांची यादी धावत संपवताना लागत नाही.

पुढचे काही आठवडे आम्ही त्याच प्रकरणावर काढले. वेळेच्या दृष्टीनं हा उधळेपणा होता. मला तो योग्य वाटला. तिला सांगितलं, स्लॅकब्रिज तोंड उघडण्याआधी आणि उघडल्यावर लेखक त्याच्याबद्दल काय काय सांगतो ते वेगळं काढ. तिनं काढलं. त्याचा बेढब बांधा, आखडलेले खांदे, आंबट चेहरा. समोरचे कामगार मात्र प्रामाणिक, गंभीर, पुढाऱ्यापेक्षा सरस. म्हणजे लेखकाला कामगारांबद्दल आदर आहे, त्यांच्या संघटनेबद्दल नाही. हे वाक्य तिचं. त्यानंतरच मी तिला बर्नार्ड शॉनं १९१२ साली या कादंबरीला लिहिलेली प्रस्तावना दिली. शॉचं म्हणणं असं की स्लॅकब्रिज हे मध्यमवर्गाच्या कल्पनेतून निघालेलं भूत आहे, असल्या माणसाचं भाषण इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांनी ऐकूनच घेतलं नसतं. आधी शॉ दिला असता तर तिनं तो पाठ केला असता. आता तिनं तो वाचून ‘आई हेच म्हणाली’ असं म्हटलं. क्रम महत्त्वाचा.

तिसरा कागद त्याहून मजेचा. जानेवारी १८५४मध्ये डिकन्स प्रेस्टनला गेला होता. तिथं सूत गिरण्यांचा मोठा झगडा चालू होता, मालकांनी टाळेबंदी केली होती. त्यावर त्याचा ‘ऑन स्ट्राइक’ हा लेख फेब्रुवारीत छापून आला. त्या लेखात कामगारांची सभा शिस्तीत चालते, आणि बाहेरून आलेल्या भडक वक्त्याला सभाध्यक्षच आवर घालतो. दोन-तीन महिन्यांनी लिहिलेल्या कादंबरीत तो वक्ता राहिला आणि शिस्त लावणारा अध्यक्ष नाहीसा झाला. का? तिनं दोन उत्तरं लिहिली, दोन्ही अर्धी पटणारी. मी त्यात हात घातला नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. तिचं पहिलं पान डिकन्सच्या जन्मतारखेनं सुरू झालं होतं, ७ फेब्रुवारी १८१२, पोर्टस्मथ, आणि पहिल्या परिच्छेदात ‘ग्रेट’ हा शब्द चारदा. मी नियम घातला: जन्म नको, विशेषण नको. एक प्रश्न, पुस्तकातल्या दोन ओळी, आणि त्या ओळींत काय दिसतं. व्याकरणाच्या चुका मी मुद्दाम कमी दाखवल्या. काळाचा गोंधळ आणि ‘द’ कुठं लागतो एवढंच धरलं. याबद्दल माझ्या सहकाऱ्यांशी मतभेद आहेत. ते म्हणतात, आधी शुद्ध लिहायला शिकव. मला वाटतं, सांगण्यासारखं काही असलं की शुद्धतेची गरज माणसाला आपोआप जाणवते. निदान या मुलीच्या बाबतीत तसं झालं.

मे संपताना पंधरा दिवस गेले. वरंगलकडं नात्यातलं लग्न होतं, पूर्व भागातल्या निम्म्या घरांची सोयरीक तिकडंच असते. पुस्तक बॅगेत गेलं आणि तसंच परत आलं. हे धरूनच चालावं.

जूनमध्ये ‘मॅकबेथ’. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं हे सगळ्यांत लहान, ‘हॅम्लेट’च्या निम्म्याच्या आसपास. आधी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ वाचायला दिलं, म्हणजे कथानकाचं ओझं उतरतं आणि मुळाकडं भाषेसाठी जाता येतं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ साली, देवलांचा ‘झुंझारराव’ ‘ऑथेल्लो’वरून. शेक्सपिअरकडं जाणारा मराठी रस्ता जुना आणि चांगला आहे. इंग्रजीच्या वर्गात तो वापरायला आपण उगीच लाजतो.

पद्य आणि गद्य यांतला फरक मी समजावून सांगितला नव्हता. फक्त छापील पानाच्या उजव्या कडेकडं बघत जा म्हटलं होतं: ओळी कमीजास्त लांबीच्या असल्या तर पद्य, समासापर्यंत सरळ गेल्या तर गद्य. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशापाशी तिनं फोन केला. झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ हात चोळते तो प्रवेश. ‘मॅडम, ही बाई इतके अंक पद्यात बोलत होती, आता कड सरळ झाली.’ तिला त्याचा अर्थ नीटसा लावता आला नाही, पण पान पुरतं भरलं. पहारेकऱ्याचं दारूच्या नशेतलं बोलणंही गद्यात आहे, हे शोधून तिनं दोन्ही शेजारी ठेवली. नोकराच्या आणि राणीच्या बोलण्याची कड एकसारखी का, हा प्रश्न मला तिच्या बीएच्या सगळ्या उत्तरपत्रिकांपेक्षा मोलाचा वाटला.

मिल्टनचं थोडक्यात. ‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७मध्ये दहा सर्गांचं होतं, १६७४मध्ये बारा सर्गांचं झालं. आम्ही वाचल्या पहिल्या सव्वीस ओळी, मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. पहिल्या वाक्याचं मुख्य क्रियापद सहाव्या ओळीत येतं. इंग्रजी माध्यमाची मुलं इथं अडखळताना मी पाहिली आहेत. हिला त्रास झाला नाही. तेलुगूत काय, मराठीत काय, क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायची सवय आपल्याला आहेच.

जमलं नाही ते सिद्धान्ताचं. ‘पोएटिक्स’ सव्वीस प्रकरणांचं लहानसं पुस्तक, त्यातली सहा ते चौदा ही प्रकरणं ‘मॅकबेथ’ बरोबर वाचायची ठरली होती. तिनं वाचली, पण नोंदींत ॲरिस्टॉटलची वाक्यं नुसती उतरलेली दिसली, नाटकाला ती कुठंच लागली नाहीत. मधेच तिनं यूट्यूबवर देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञावरचे व्हिडिओ बघायला सुरुवात केली होती आणि दोन दिवस अंधारात गेले. ते थांबवलं. यूजीसीच्या ‘ई-पीजी पाठशाला’वर समीक्षेचे धडे फुकट आहेत, ते वर्ग सुरू झाल्यावर शिक्षकांच्या जोडीनं बघावेत असं ठरलं. दुसरी कादंबरी, शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’, निम्म्यावर राहिली.

जुलैच्या मध्याला वर्ग सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची यादी मिळाली आणि त्यातली बहुतेक नावं तिनं वाचलेली नव्हती. वर्गातल्या दोन मुलींनी उन्हाळ्यात तिच्यापेक्षा किती तरी जास्त ‘कव्हर’ केलं होतं. तिला आठवडाभर धास्ती बसली आणि सिनियरची जुनी यादी तिनं पुन्हा उघडली. मी आडवं घेतलं नाही. यादीतल्या नावांपुढं वर्षं आणि लेखक पाठ करायला रोज अर्धा तास, तो नेटचा हिशेब. पहाटेचा वेळ अभ्यासक्रमातल्या मूळ पुस्तकाला. रविवारचं पान चालू आहे. ‘जेन एअर’ आता ती सिटी बसमध्ये ऐकते, आणि घरी आईला सांगताना लोवूड शाळेपर्यंत पोचली आहे.